पाहुण्यांच्या स्वागताला वाइन कूलर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मध्येच कुणी फिस्कन हसलं तर मी उठून जाईन.

तसा हा घोळ आता सगळ्या पिंपळे सौदागरला माहीत झालाय. ज्यांना माहीत नव्हता त्यांना अण्णांनी घरी जाऊन सांगितला. अण्णा म्हणजे माझे थोरले काका. तालमीतलं शरीर, पांढऱ्या मिशा, आणि जगातल्या प्रत्येक विषयावर मत. घरात साधा पंखा घ्यायचा तरी दुकानात ते सोबत हवेत. मग ते पंख्याच्या पात्यावर टिचकी मारणार, आवाज ऐकणार आणि म्हणणार, "हलका हाय." माझं आणि त्यांचं दिवसातून दोनदा वाजतं. एकदा सकाळी, एकदा जेवताना.

मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत परचेसला आहे. म्हणजे 'ऑर्डर देण्याआधी नीट चौकशी करा' असं लोकांवर ओरडण्याचा मला पगार मिळतो. हे ध्यानात ठेवा. नाही, राहू दे, नका ठेवू.

तर त्याच कंपनीत क्वालिटीला प्रणव आहे. आमचं जमलं. दोन्ही घरी सांगून झालं. कुणी आदळआपट केली नाही, त्यामुळे मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं, कारण मी भांडायची पूर्ण तयारी करून ठेवली होती. फक्त एवढंच बाकी होतं की प्रणवचे आईवडील रविवारी आमच्या घरी येणार, घर बघणार, माणसं बघणार, आणि मग सुपारी फोडायची की नाही ते ठरणार. म्हणजे सगळं त्या एका दुपारवर होतं. प्रणवनं स्पष्टच सांगितलं होतं, "बाबांच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही." मला हे वाक्य आवडलं नव्हतं, पण प्रणव आवडला होता.

प्रणवचं घर नाशिककडचं, दिंडोरीच्या बाजूला. वडील भाऊसाहेब, द्राक्षबागायतदार. आणि खायची द्राक्षं नव्हेत बरं का! वाइनची. सगळा माल वाइनरीत जातो.

आता मला सांगा, हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काय येईल? माझ्यासमोर आलं ते असं: संध्याकाळ, व्हरांडा, भाऊसाहेब हातात उंच ग्लास घेऊन वेताच्या खुर्चीत. आणि असा माणूस आमच्या घरी येणार, आणि आम्ही त्याला काय देणार? स्टीलच्या पेल्यात कोकम सरबत!

मी जाहीर केलं, "आपण वाइन कूलर घेतोय."

पप्पा पेपर वाचत होते, ते आणखी वाचायला लागले. मम्मी म्हणाली, "आपला कूलर आहे की गच्चीवर. नवीन जाळी बसवली की झालं." अण्णा म्हणाले, "त्ये राहू दे. पावनं माळकरी हायत का, त्ये आधी इचार."

आमच्याकडे कुणी जेवायला येणार म्हटलं की हा पहिला प्रश्न. नाव, गाव नंतर. कारण गळ्यात तुळशीची माळ असली की मटण, अंडी, दारू, सगळं बंद. आणि अण्णांच्या हातचं रविवारचं मटण म्हणजे आमच्या घराण्याची इभ्रत. मागच्या शेडमध्ये चूल पेटते, अण्णा बनियनवर उभे राहतात आणि रस्सा उकळेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.

"अहो अण्णा, वाइनची द्राक्षं पिकवतात ते! माळकरी कुठून असणार?"

"इचारलंस का?"

"हो!"

नव्हतं विचारलं. विचारण्यासारखं त्यात काय होतं?

पिंपरीतल्या दुकानात अण्णा आलेच. विक्रेत्यानं मॉडेलं दाखवायला सुरुवात केली, तीसुद्धा अण्णांकडे बघून. मी मध्ये घुसले. कंप्रेसरचा की थर्मोइलेक्ट्रिक? कंप्रेसरचा असेल तर थरथर किती? गरम हवा मागून सोडतो की पुढून? काच ऊन अडवणारी आहे का? विक्रेता घामाघूम. मी खूश. अण्णांनी दार उघडून आत हात घातला.

"ह्ये गारच व्हईना."

"अण्णा, वाइनला बारा-चौदा डिग्रीच लागतं."

"बरफाचा खण कुठाय?"

"याला नसतो, काका," विक्रेता म्हणाला.

"मग बाटल्या आडव्या का?"

"अण्णा, बूच ओलं राहावं म्हणून! तुम्हाला यातलं काही कळत नाही, तुम्ही बाहेर बसा ना जरा."

"अठरा बाटल्यांची जागा हाय," अण्णा खण मोजत म्हणाले. "आपल्याकडं बाटल्या किती?"

एकही नव्हती. त्या मी नंतर आणल्या. मोठ्या ऐटीत.

कूलर हॉलमध्ये बसला. काळी काच, आत लाकडी फळ्या, निळा दिवा. मी कामावरून येऊन बघते तर मम्मीनं काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, वर जास्वंदीचं फूल, पुढे नारळ फोडलेला. नवी वस्तू घरात आली की आमच्याकडे पूजा होते, मग ती मोटारसायकल असो की मिक्सर. "मम्मी, हा वाइन कूलर आहे!" म्हटलं, तर म्हणाली, "असू दे. लक्ष्मीच आहे." मी पुसायला गेले तर तिनं हातच धरला.

रविवार उजाडला. मागे मटण रटरटत होतं. पुढे गाडी थांबली. मी खिडकीतून बघितलं. आधी प्रणव उतरला, मग त्याची आई, मग भाऊसाहेब. पांढरा सदरा, टोपी, कपाळावर बुक्का.

आणि गळ्यात माळ.

मला वाटलं फॅशन असेल. खरंच सांगते, माणसाचं डोकं अशा वेळी काय काय करतं! मग प्रणवची आई म्हणाली, "उशीर झाला हो, आळंदीला दर्शन घेऊन आलो." आणि तिच्याही गळ्यात माळ.

मम्मीनं माझ्याकडे एकदाच बघितलं. आयुष्यभर पुरेल असं. मग ती वाऱ्यासारखी मागे गेली. शेडचं दार बंद, पातेल्यावर परात, परातीवर पाटा, आणि वास दाबायला हॉलमध्ये उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला.

भाऊसाहेब आत आले. सगळीकडे धूर. समोर काचेच्या दाराआड निळा प्रकाश, काचेवर स्वस्तिक, वर फूल.

त्यांनी चपला काढल्या, टोपी नीट केली आणि कूलरला लांबूनच मनोभावे हात जोडले.

"वा! काय प्रसन्न देवघर आहे!"

प्रणवचा चेहरा नापास झालेल्या पार्टसारखा झाला होता. भाऊसाहेबांनी खिशातून चष्मा काढला आणि देव कुठला ते बघायला पुढे गेले. वाकले. बाटलीवरचं नाव वाचलं. सावकाश सरळ झाले.

"ही तर आमच्याच वाइनरीची," ते म्हणाले. आवाज एकदम थंड. थेट बर्फाच्या खणातला. "घरात कोण घेतं?"

पप्पा छताकडे बघायला लागले. लग्न मोडलं, एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं.

आणि अण्णा पुढे झाले. "मी घेतो."

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत केलं, तो माणूस!

भाऊसाहेब त्यांच्याशेजारी बसले. "मी काही उपदेश करणारा माणूस नाही," असं म्हणाले. असं म्हणणारा माणूस पुढे किती बोलतो हे तुम्हाला माहीतच आहे.

"किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"घ्यायला लागून."

अण्णांनी विचार केला. "समजाया लागल्यापासनं."

"रोज?"

"न्हाई, न्हाई. रोज न्हाई." मग त्यांची नजर कूलरच्या खणांवर गेली. "म्हंजी... रोजच."

"सकाळी हात थरथरतात?"

अण्णांनी दोन्ही हात पुढे करून थरथरवून दाखवले. चहाच्या कपबशा हलल्या.

"घरच्यांना त्रास होत असेल."

"फार," पप्पा म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण रंगात आले होते.

मग तर अण्णा सुटलेच. जमीन कशी विकली (विकलेली नाही), तालमीत कसे पडले (कधीच नाही), बायकोनं कसं सोसलं (काकूसमोर त्यांचा आवाजही चढत नाही). शेवटी त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. "सुटंल का वो माझी, भाऊसाहेब?"

भाऊसाहेबांनाही गहिवरून आलं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक नवी कोरी तुळशीची माळ काढली. "आज आळंदीत चुलतभावासाठी घेतली होती. पण ती तुमच्यासाठीच होती म्हणायची. मान खाली घाला."

अण्णांच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी थांबलं.

कारण नेमका त्याच क्षणी मागच्या दाराच्या फटीतून, सगळ्या उदबत्त्यांवर मात करून, त्यांच्याच हातच्या रश्श्याचा वास आत आला. अण्णांनी डोळे मिटले. नाकपुड्या फुलल्या. आणि मग, देवाशपथ सांगते, त्यांनी खरंच मान खाली घातली. माझ्यासाठी! ज्या पुतणीनं त्यांना दुकानात 'बाहेर बसा' म्हटलं तिच्यासाठी!

मला ते बघवेना. "थांबा!" मी ओरडले. "तो कूलर माझा आहे. अण्णांनी कधी थेंबही घेतलेला नाही. सगळं खोटं बोलतायत ते."

भाऊसाहेबांचा हात हवेतच राहिला. "तू घेतेस?"

"नाही. एकदा ऑफिसच्या पार्टीत घेतली होती. कडू लागली."

"मग हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

मग प्रणवची आई पदर तोंडाला लावून हलायला लागली. मला वाटलं रडतेय. हसत होती! तिच्यामागून मम्मी, मग पप्पा, आणि सगळ्यात शेवटी भाऊसाहेब. ते हसले ते टोपी पडेपर्यंत.

"अगं बाई, वाइनरीशी करार आहे म्हणून माल देतो. पोरांची शिक्षणं त्यावर झाली. पण ती बाटली घरात काय, गाडीतसुद्धा नेत नाही आम्ही." मग अण्णांकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही पुतणीसाठी हे सगळं ओढवून घेतलंत? अशा घरातली मुलगी मला चालेल. सुपारी काढा."

झालं की नाही चांगलं? इथेच मी गप्प बसायला हवं होतं.

भाऊसाहेब माळ पिशवीत परत ठेवायला लागले, तेवढ्यात अण्णा डोळे पुसत म्हणाले, "काढलीच हाय तर तिच्या गळ्यात घाला की. कूलर तिचा हाय."

सगळे पुन्हा हसले. भाऊसाहेब अगदी मायेनं म्हणाले, "नाही, नाही. जबरदस्ती नाही कुणावर. आणि आजकालच्या मुलींना झेपणारं नाही ते."

झेपणारं नाही? मला? आजकालच्या मुलींना?

"घाला!" मी म्हटलं, आणि मान पुढे केली.

प्रणव मागून जिवाच्या आकांतानं 'नको, नको' अशी मान हलवत होता. मला वाटलं, त्याला आनंदानं काही सुचत नाहीये.

पाहुण्यांनी त्या दिवशी पिठलं-भाकरी खाल्ली. ते गेल्यावर मागच्या शेडमध्ये पातेलं उघडलं. मी हॉलमध्ये बसून आवाज ऐकला. हाडं चोखल्याचा आवाज इतक्या लांबवर येतो हे मला माहीत नव्हतं. कूलरमध्ये आता मम्मीचे गजरे आणि विड्याची पानं असतात, चांगली टिकतात. बाटल्यांचं काय झालं ते कुणी बोलत नाही, पण पप्पा हल्ली संध्याकाळी उगाचच गुणगुणत असतात.

भाऊसाहेब दर आठवड्याला मला फोन करतात. स्वतःच्या मुलाला नाही, मला. गावात सगळ्यांना सांगितलंय म्हणे, शहरातली, शिकलेली, नोकरीवाली सून, आणि पहिल्याच भेटीत माळ घेतली! परवा फोनवर जरा आवाज खाली करून म्हणाले, "बाळा, आमच्या प्रणवनं काही अजून माळ घेतलेली नाही. तो तिकडे कंपनीत काय खातो, देव जाणे. आता तूच आहेस तिथे. जरा लक्ष ठेव."

म्हटलं, "हो बाबा."

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये प्रणव माझ्यासमोर बसला. माझ्या ताटात वरणभात आणि दुधीची भाजी. त्याच्या ताटात अंडा करी. वर तर्री, मधोमध दोन अंडी, आणि तो पोळीचा तुकडा त्यात बुडवून अगदी सावकाश खातोय.

मी शब्दाची पक्की आहे. लक्ष ठेवलंय. पूर्ण जेवणभर त्या अंड्यांवरून माझी नजर एकदाही हटली नाही.