नवागामचा रिकामा चौकोन

जळगावहून सुरतची गाडी धरली तेव्हा माझ्या पिशवीत भरताची वांगी, कळण्याचं पीठ आणि एक नवी बॅटरी होती. वांगी आणि पीठ पुतणीला खायला. बॅटरी तिच्याच सांगण्यावरून, कोळी शोधायला. आमच्या सौभाग्यवती घरातली जाळी काढून काढून दमतात आणि मी रजा टाकून परराज्यात कोळी शोधायला निघालो, यावर स्टेशनपर्यंत त्या हसत होत्या.

ही पुतणी, केतकी, पुण्यात वाढली आणि आता सुरतेत संशोधन करते. घराघरांतून कोणत्या जातीचे कोळी राहतात, शहराच्या कोणत्या भागात किती जाती आहेत आणि तसं का, हा तिचा विषय. शहराच्या नकाशावर तिने सारख्या मापाचे चौकोन आखलेत. प्रत्येक चौकोनात संगणक डोळे मिटून एक ठिपका टाकतो. ठिपक्यावर जे घर येईल त्यातली एक खोली एक तास तपासायची. सगळे चौकोन झाले होते, एक उरला होता: नवागाम. तिथे आपली खान्देशची माणसं. केतकीचं पुणेरी मराठी ऐकून ती हिंदीत उत्तर देत आणि दार लावून घेत. मी पारोळ्याकडचा, घरी अहिराणी बोलणारा. म्हणून मला बोलावणं. आठवड्याअखेर तिला अहवाल द्यायचा होता. तोवर हा चौकोन भरला नाही तर सुरतेतली सर्वांत दाट वस्ती तिच्या नकाशावर पांढरी राहणार होती.

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. मी चहा एका राज्यात घेतला आणि दुसऱ्या राज्यात जाऊन प्यायलो. खांबाला आणि पाटीला धरून एक मोठं जाळं होतं. त्याचा मालक कोणत्या राज्याचा, हे मला ठरवता आलं नाही.

उधना आलं आणि कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेले टेम्पो दिसू लागले. केतकी सुरत स्टेशनवर घ्यायला आली होती. वांगी तिने तिथेच हुंगून पाहिली.

दुसऱ्या दिवशी पद्धत कळावी म्हणून तिने मला हजीऱ्याला नेलं. एका बाजूला धुराडी, दुसऱ्या बाजूला खारा वारा, आणि मध्ये कामगारांच्या खोल्या. तिथल्या एका खोलीची तपासणी तिला पुन्हा करायची होती. मी उत्साहाने पुढे झालो आणि दारातलं जाळं डोक्यावर घेतलं. केतकीने शांतपणे माझ्या केसांतून कोळी डबीत घेतला, फोटो काढला, सोडून दिला आणि सापडल्याच्या जागेपुढे लिहिलं: काकांचं डोकं.

परतताना तापीकाठी पोंक खाल्ला (आपला हुरडाच, पण दाणा बारीक आणि सोबत लिंबू-मिऱ्याची शेव). खाता खाता मी विचारलं, एवढा ठिपक्याचा हट्ट कशाला? जिथे जाळी जास्त तिथेच जावं, काम लवकर होईल.

“काका, मला आवडतील त्या जागी गेले तर नकाशात कोळी दिसणार नाहीत,” ती म्हणाली. “मीच दिसेन.”

माझ्यासारख्या कचेरीत आकडे मांडणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं. मी शेव खाली ठेवून मान डोलावली.

संध्याकाळी आम्ही नवागामला गेलो. गल्लीभर यंत्रमागांची खडखड चालू होती. ठिपक्यावरचं घर शोभाबाईंचं निघालं, माहेर अमळनेरकडचं. मी अहिराणीत दोन वाक्यं बोललो आणि त्या म्हणाल्या, “या ना भाऊ, बठा” (बसा). उद्या सकाळी ही पोरगी कोळी पाहायला येईल म्हटल्यावर त्या हसल्या, पण हो म्हणाल्या. मी खुशीत परतलो.

सकाळी दाराशी रांगोळी होती. आत फिनेलचा वास. भिंती पुसलेल्या, माळा रिकामा करून धुतलेला, गॅसची टाकीसुद्धा चकचकीत. शोभाबाईंनी नवऱ्याला रात्रपाळीहून आल्या आल्या स्टुलावर चढवलं होतं. “पाव्हनी येनार, आन् जाळा कसा ठेवानात?” त्या म्हणाल्या (पाहुणी येणार, मग जाळी कशी ठेवायची?). चूक त्यांची नव्हती. काही झाडू नका, हे सांगायचं माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

केतकीने बॅटरी विझवली. या घराची नोंद आता खरी धरता येणार नव्हती. प्रत्येक चौकोनात एक राखीव ठिपका आधीच काढलेला असतो, तो शेजारच्या कलाबाईंच्या खोलीवर होता. तीही गेली तर संपलं. तिसरं घर आपल्या मर्जीने निवडायचं नाही.

हे ऐकून शोभाबाई जरा मोठ्यानेच म्हणाल्या, की कलाताईकडे जा, तिथे पाहिजे तेवढे कोळी मिळतील. मधली भिंत पातळ आहे. आम्ही बाहेर येईपर्यंत कलाबाई दारात आडव्या उभ्या होत्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेल्या.

“मनंच घर कसाले?” त्यांनी विचारलं (माझंच घर कशाला?). मग गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी सांगितलं, की आपल्या घराला नाव ठेवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या मोरीत डोकावावं. शोभाबाई काही कमी नव्हत्या. दोघींचं भांडण मोरीवरून पाण्याच्या नळापर्यंत गेलं. केतकी माझ्याकडे पाहत होती.

ठिपका, संगणक, चौकोन, सगळं मी अहिराणीत सांगून पाहिलं. कलाबाई दारातून हलल्या नाहीत. तेवढ्यात त्यांच्या मागे फळीवर मला एक पत्र्याचा डबा दिसला. झाकणाला हळदकुंकू लावलेलं. असा डबा आमच्या गल्लीतही आहे. मी विचारलं, भिशी तुमच्याकडे का?

होती. गल्लीतल्या बायकांची भिशी कलाबाईच चालवत. मी म्हटलं, मग यात भांडायचं काय? संगणकाने गल्लीची चिठ्ठी काढली. पहिली शोभाबाईंची निघाली, दुसरी तुमची. घर चांगलं की वाईट हे चिठ्ठीला दिसत नाही.

कलाबाईंनी वळून डब्याकडे पाहिलं. मागच्या खेपेला त्यांना स्वतःला नड होती आणि चिठ्ठी शोभाबाईंची निघाली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा पुन्हा काढा असं एक बाई म्हणाली होती, आणि कलाबाईंनीच तिला गप्प केलं होतं.

“चिठ्ठी निंघनी ते निंघनी,” त्या म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या.

पुढचा तास मी बॅटरी धरली. पंधरा मिनिटांत कलाबाईंचा राग गेला आणि अर्ध्या तासात त्या स्वतः जागा दाखवू लागल्या. केतकीने हात जोडून त्यांना फक्त पाहायची विनंती केली. कपाटामागे, घड्याळाखाली, जुन्या कॅलेंडरच्या आड, नऊ जातींचे कोळी निघाले. त्यांतला एक तिला आजवर फक्त शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कोसाडच्या वसाहतीत मिळाला होता, मधल्या कुठल्याच चौकोनात नाही. तो इथे कसा, ते तिला अजून माहीत नाही, आणि त्याचाच तिला आनंद झालेला दिसला.

निघताना शोभाबाईंनी चहाला बोलावलं, कलाबाईंनाही. आम्ही कप उचलले आणि त्या धुतलेल्या भिंतीवरून एक छोटा काळा कोळी टुणटुण उड्या मारत खाली आला. शोभाबाईंनी कपाळाला हात लावला.

“शोभे, हाऊ न्हातांना राही गया वाटस,” कलाबाई म्हणाल्या (हा आंघोळीचा राहून गेला वाटतं). मग दोघीही हसू लागल्या, आणि बशीतला चहा सांडला.

परतीच्या गाडीत मी विचार करत होतो. पाहुणा येणार म्हटलं की आपण सगळेच घर झाडतो. त्यामुळे आपल्याकडे कोण कोण राहतं हे पाहुण्याला कधी कळत नाही, आणि झाडूच्या नादात आपल्यालाही नाही.

घरी आल्यावर मी सौभाग्यवतींना म्हटलं, एक कोपरा दोन महिने झाडू नकोस, कोण येतं ते पाहू. त्या तयार झाल्या, पण कोपरा चिठ्ठीने ठरवायचा, कारण मोरीचा निघेल अशी त्यांना आशा होती. निघाला बैठकीतल्या नव्या पडद्यावरचा. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, उलटून पाहिली.

“निघाली ती निघाली,” त्या म्हणाल्या आणि झाडू जागेवर ठेवला.

शब्द त्यांनी पाळलाय. कोपऱ्यात आता तीन जाळी आहेत. पाहुणे आले की मात्र त्या त्यांना पडद्याकडे पाठ करून बसवतात.