आवाज बघणारे शिवहारआप्पा

शिवहारआप्पांचा डावा कान एसटीनं खाल्ला आणि उजवा कुरतडला, असं सेनगावात सगळे म्हणायचे. एकटे आप्पा तेवढे म्हणायचे नाहीत. उभी नोकरी त्यांनी ड्रायव्हर म्हणून काढली होती, आणि जुन्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, बॉनेटखाली दिवसभर गुरगुरत असायचं. रिटायर झाल्यावर आप्पांच्या लक्षात आलं ते एवढंच, की लोकांनी आजकाल हळू बोलायला सुरुवात केली आहे.

"पहिले माणसं तोंड उघडून बोलायची," ते पारावर सांगायचे. "आता ओठांतल्या ओठांत पुटपुटून राहिलेत सगळे."

पारावरची मंडळी मान डोलवायची. आप्पांना नाही म्हणायचं तर ओरडावं लागे, आणि तेवढी हौस कुणाला नव्हती.

घरात माणसं तीन. आप्पा, त्यांची बायको सत्यभामाबाई आणि सून राजनंदिनी. मुलगा पुण्याला कंपनीत होता, सणावाराला यायचा. राजनंदिनी गावातल्याच एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. आठवीच्या पोरांना ध्वनीचा धडा नुसता फळ्यावर कळत नाही म्हणून तिनं मोबाईलवर एक अ‍ॅप घेतलं होतं. मोबाईल आवाजासमोर धरला की काळ्या पडद्यावर रंग सरकत जायचे. जाड आवाज खाली उमटायचा, बारीक आवाज वर, आणि आवाज जितका मोठा तितका रंग भडक. ढोल वाजला की तळाशी लाल पट्टा, शिट्टी वाजली की वरच्या अंगाला पिवळी रेघ.

एका रविवारी वर्गात दाखवायच्या आधी तिनं घरातच तालीम घेतली. एका मोबाईलवर बारीक बारीक होत जाणारा आवाज लावला, दुसऱ्यावर त्याची रेघ दाखवली, आणि सासू-सासऱ्यांना म्हणाली, "आत्या, मामा, आवाज येतोय तोवर हात वर ठेवा. बंद झाला की खाली."

आप्पांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला आणि थोड्याच वेळात खाली घेतला. "झालं. बंद पडलं."

सत्यभामाबाईंचा हात वरच होता. राजनंदिनीचाही. रेघ पडद्यावर शांतपणे वर चढत चालली होती.

"बिघडलाय तुझा मोबाईल," आप्पा म्हणाले. "आवाज न्हाई अन् रेघ काढून राहिला."

"मामा, आवाज आहे. अजून वाजतोय."

"तुमी दोघींनी आधीच ठरवलंय."

राजनंदिनीनं हळूच हिंगोलीच्या कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला. आप्पा ताडकन उठले. कानात यंत्र घालून हिंडायला ते काय म्हातारे झाले होते? पण संध्याकाळी चहा पिताना त्यांनी स्वतःचा मोबाईल सुनेपुढे सरकवला. "ते अ‍ॅप यात टाक. खोटं हाये हे मी साबित करून दाखवतो."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा मोबाईल हातात धरून अंगणभर फिरू लागले. जास्वंदीवर एक बोटभर काळा पक्षी यायचा. इतकी वर्षं तो मुका आहे अशीच आप्पांची समजूत होती. त्यानं चोच उघडली की पडद्याच्या वरच्या टोकाला हिरवे ठिपके उडायला लागले. आप्पांनी बायकोला हाक मारली.

"आत्ता काही वाजलं का?"

"पाखरू ओरडलं की."

पुन्हा ठिपके, पुन्हा हाक. सत्यभामाबाई पिठाचे हात घेऊन प्रत्येक वेळी दारात येत आणि प्रत्येक वेळी पाखरूच ओरडलेलं असे. आठवडाभर असं चालल्यावर आप्पांना मानावंच लागलं, की मोबाईल बराबर सांगतो. यातून दुसरा कुणी काय समजला असता ते उघड आहे. आप्पा समजले ते असं, की लोकांना आवाज नुसता ऐकू येतो, आपल्याला दिसतो. म्हणजे आपण एक पायरी वर गेलो.

पारावर त्यांचा भाव वधारला. कुत्रं भुंकलं की आप्पा त्याचे रंग दाखवत. एकदा पिठाच्या गिरणीपुढं मोबाईल धरून त्यांनी गिरणीवाल्याला सांगितलं, की तुझा पट्टा ढिला झालाय, रेघ हलून राहिली. पट्टा आदल्याच दिवशी नवा बसवला होता. गिरणीवाला हसला आणि काहीतरी बोलला. आप्पांनी पडद्याकडे पाहून ते मान्यता म्हणून घेतलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग एका दुपारी, जेवणानंतर, आप्पा ओसरीत बाजेवर लवंडले होते आणि अ‍ॅप चालूच राहिलं होतं. सत्यभामाबाई नेहमीसारख्या त्यांच्या डाव्या अंगाला बसून तूर निवडत होत्या. आप्पांनी सहज मोबाईलकडे पाहिलं. पडद्यावर रंगांच्या लाटा येत होत्या. उठत होत्या, थांबत होत्या, पुन्हा उठत होत्या. अंगणात पाखरू नव्हतं. रस्त्यावर गाडी नव्हती. आप्पांनी मान वळवली. बायकोचे ओठ हलत होते.

"काय बोललीस?"

"काही न्हाई."

"इथं दिसून राहिलं."

"मग वाचा काय दिसतं ते," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

वाचता येत नव्हतं, हीच तर पंचाईत. बोललं गेलं एवढं कळे, काय बोललं गेलं ते कळेना. मग ती जागा आप्पा स्वतःच भरू लागले. मोबाईल कधी स्वयंपाकघरातल्या डब्याला टेकून उभा दिसे, कधी न्हाणीच्या भिंतीवर. आणि घर नुसतं पुटपुटतंय असं निघालं. भाकरी थापताना लाटा, भांडी घासताना लाटा, त्यांच्या पाठीमागे तर लाटाच लाटा. एवढं बोलण्यासारखं घरात आपल्याशिवाय दुसरं कोण आहे, असा आप्पांनी विचार केला आणि उत्तर त्यांना पसंत पडलं नाही. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी दोघींना समोर बसवलं.

"माझ्यामागं तुमी काय बोलता ते आज मला समजलंच पाहिजे."

राजनंदिनी कळवळून म्हणाली, "मामा, मी वर्गाची तयारी करताना धडा म्हणत असते हो."

सत्यभामाबाई मात्र उभ्या राहिल्या. "मी तोंड उघडून बोलत होते तवा तुमी ऐकलं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य आप्पांच्या दोन्ही कानांना स्वच्छ ऐकू आलं. "आन् आता मी मनाशी बोलले तर ते बघून राहिले व्हय?"

सकाळी त्या डोंगरकड्याला बहिणीकडे निघून गेल्या. रुसून नव्हे, असं त्यांनी शेजारी मुद्दाम सांगून ठेवलं, त्यामुळे रुसून गेल्याचं सगळ्या आळीला कळलं.

घर शांत झालं. मोबाईलचा पडदा दुपारभर काळाच राहायला लागला. आप्पांना तो बघवेना. चौथ्या की पाचव्या दिवशी ते सुनेला म्हणाले, "चल तुझ्या त्या डॉक्टरकडं. पण एका अटीवर. आत्याला सांगायचं न्हाई."

"काहून मामा?"

"मला एकदा ऐकू दे ती काय बोलते ते. मग सांगू."

हिंगोलीहून येताना आप्पांच्या डाव्या कानामागे बोंडाएवढं यंत्र बसलं होतं. सत्यभामाबाई परत आल्या त्या दिवशी ऊन कडक होतं, तरी आप्पांनी गारठा झालाय म्हणून उपरणं कानांवरून घट्ट गुंडाळलं, जेवले आणि बाजेवर डोळे मिटून पडले. राजनंदिनीनं खुणेनं पुष्कळ विनवलं. आप्पांनी डोळे उघडलेच नाहीत.

सत्यभामाबाई लसूण घेऊन डाव्या अंगाला बसल्या. मग त्या बोलू लागल्या, अगदी हळू, समोर भिंतीकडे बघत. आप्पा श्वास रोखून पहिल्या शिवीची वाट पाहू लागले.

बहिणीचे गुडघे गेलेत. तिच्या सुनेनं परसात अळू लावलाय, चांगला फोफावलाय. जीपमध्ये एक बाई भेटली, तिची लेक नर्स आहे. येताना वाटेत हरभऱ्याला घाटे धरलेले दिसले. असं एकामागून एक. आप्पांविषयी अक्षर नाही. आपल्याविरुद्ध कट नाही हे कळून आप्पांना बरं वाटायला हवं होतं, पण इतकं बोलून आपलं नाव एकदाही येऊ नये याचा त्यांना जरा अपमानच वाटला. मग ते आलं.

"तुमी गाडीवर होता तवा मला लई वाटायचं," सत्यभामाबाई भिंतीला सांगत होत्या. "एकदा तुमच्या गाडीत बसावं. बराबर तुमच्या मागच्या शिटावर. वसमतपत्तर जावं अन् तसंच माघारी यावं. काही काम नसताना. पण काम न्हाई तर कशाला म्हणाल, म्हणून विचारलं न्हाई कधी. आता काय, गाडी गेली."

आणखी नीट ऐकू यावं म्हणून आप्पांनी उशीवर मान बायकोकडे वळवली, आणि कान उपरण्यात दाबला गेला.

सत्यभामाबाई थबकल्या. "हे काय वाजून राहिलं?"

आप्पांना काहीच वाजताना ऐकू येत नव्हतं. यंत्र दाबलं गेलं की बारीक शिट्टी मारतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ते सांगताना आप्पा यंत्राच्या चकाकीकडे बघत होते. शिट्टी सगळ्या ओसरीला ऐकू गेली. ज्याच्या कानात वाजत होती तो तेवढा डोळे मिटून झोपेचं सोंग करत राहिला. सत्यभामाबाईंनी उपरणं सोडवलं, यंत्र पाहिलं, आणि लसणाची परडी उचलून त्या आत गेल्या.

त्यानंतर त्या गप्प झाल्या. रुसवा नव्हता. चहा मिळे, भाकरी गरम मिळे, विचारलेल्याला उत्तरही मिळे. पण दुपारी त्या ओसरीत येऊन बसत नसत. आप्पांना आता जास्वंदीवरचं पाखरू ऐकू येत होतं, शेजारच्या घरातलं भांडण ऐकू येत होतं, स्वतःच्या चपलांचा चरचराटसुद्धा ऐकू येत होता. जे ऐकायला यंत्र आणलं, तेवढं बंद झालं होतं.

"मला काय तकलीफ होती पहिली?" ते सुनेला म्हणाले.

मग एका सकाळी आप्पा धुतलेला शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "वसमतला जायचंय. चल."

"काहून? काय काम हाये?"

"काही काम न्हाई."

सत्यभामाबाईंनी हात धुतले आणि नवं लुगडं काढलं.

हिंगोलीला गाडी बदलली. ड्रायव्हरच्या मागच्या शिटावर कुणीतरी रुमाल टाकून ठेवला होता. आप्पांनी तो जुन्या हक्कानं उचलून पलीकडे ठेवला, स्वतः खिडकीशी बसले आणि बायकोला शेजारी बसवलं. गाडी सुरू झाली तसे ते दचकले. यंत्रातून इंजिन डोक्यात शिरलं. काचा थडथडत होत्या, पत्रे कापत होते, गियर पडताना गाडी कळवळत होती. एवढ्या गोंगाटात आपण जन्म काढला आणि गाडी कशी गुमान चालते म्हणून डेपोत बढाया मारल्या, हे आप्पांना आज कळलं. त्यांनी पुढं वाकून ड्रायव्हरला गियरबद्दल दोन शब्द सांगितले. ड्रायव्हरनं ऐकलं नाही, की त्याला ऐकू आलं नाही, कोण जाणे.

औंढ्याच्या अलीकडे आप्पांना सहन होईना. त्यांनी यंत्र काढलं आणि खिशात टाकलं. जग पुन्हा मऊ झालं.

सत्यभामाबाईंनी ते पाहिलं. पदर सावरला, जरा त्यांच्या डाव्या अंगाला सरकल्या, आणि समोर ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बोलायला लागल्या. कारखान्याकडे चाललेले उसाचे ट्रॅक्टर मागे पडले, हळदीची शेतं मागे पडली, त्या बोलतच होत्या. आप्पा मधूनमधून "हं" म्हणत होते. बहुतेक वेळा ते चुकीच्या जागी पडत असावं, कारण एकदा त्या हसल्या.

वसमतच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी विचारलं, "काही ऐकलं का?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. ते खरं होतं.

"बरं झालं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "माघारी जाताना खिडकी मला."