उसना मामा

फॅक्टर आक्का बोलावणं नसताना जावळाला जायच्या. ईट गावात त्यांची पिठाची गिरणी होती. दळण टाकायला आलेल्या बायकांकडून कुठं जावळ असल्याचं कळलं, की गिरणी बंद करून, पदरावरचं पीठ झटकत त्या एसटीला उभ्या राहायच्या. मांडवात शिरल्या की ना रामराम, ना पाणी. पहिला सवाल, "पोराचा मामा कुठाय?"

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. सख्खा मामा पुढं आला की आक्का खूश होऊन पंगतीला बसायच्या आणि वर आमटीला नावं ठेवायच्या. पण चुलत, मावस किंवा शेजारचा कुणी मांडी घालून बसलेला दिसला, की थेट न्हाव्यापुढं उभ्या राहायच्या. "मामा उसना हाय. वस्तरा ठेव खाली." मग पोराच्या आईला बाजूला घेऊन विचारायच्या, तुझे भाऊ कशानं गेले?

हिमोफिलिया हा आजार आमच्याकडं तेव्हा कुणाला नावानं माहीत नव्हता. त्यात रक्त लवकर गोठत नाही. आजार आईकडून मुलाकडं येतो. बाईला स्वतःला बहुधा काही होत नाही, मुलगे मात्र दगावतात. म्हणजे जिचे भाऊ असे गेले, तिच्या पोराच्या जावळाला मामा उसनाच आणावा लागणार. आक्कांचे दोन्ही भाऊ लहानपणी गेले होते. त्यांच्या बालाजीच्या जावळाला चुलत मामा बसला, वस्तरा जरासा लागला आणि फडक्यामागून फडकी भिजली तरी रक्त थांबेना. बालाजी कसाबसा वाचला. तेव्हापासून आक्कांनी उसन्या मामाची धास्ती घेतली ती घेतलीच.

माझ्या धाकट्या भावाचं जावळ त्यांनी असंच अडवलं. आमचे वडील तापट. काठी घेऊन धावले. आक्कांचं त्यांच्याकडं लक्षच नव्हतं, त्या माझ्या गुडघ्याकडं बघत होत्या. गुडघा टम्म सुजलेला, त्यावर घरच्यांनी दिलेले बिब्ब्याचे चटके. रक्त तपासलं. धाकटा सुटला, मी सापडलो. पुढं मी आणि बालाजी जिल्ह्याच्या दवाखान्यात शेजारच्या खाटांवरच वाढलो म्हणा ना. रक्त थांबवणाऱ्या इंजेक्शनला फॅक्टर म्हणतात. ते संपलं की आक्का सगळ्या आयांना घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसायच्या आणि ते आल्याशिवाय उठायच्या नाहीत. त्यावरून त्यांना हे नाव पडलं.

पुढं शहरातून संशोधक आले. त्यांना आमच्या भागातल्या घराघरांतलं रक्त तपासायचं होतं, आयांचं सुद्धा. एकही आई पुढं होईना. आजार बाईकडून येतो हे उघड झालं तर सासरी काय गत होईल, हे काय त्यांना कळत नव्हतं? आक्कांनी सगळ्यांच्या नवऱ्या-सासऱ्यांदेखत हात पुढं केला. "दोष माझ्या रक्तात हाय. भाऊ गेले, पोरगं पडून हाय. झाकून ठेवलं म्हणून कुणाचं रक्त थांबलंय का?" मग एकेक बाई पुढं आली.

त्याच संशोधकांनी काही वर्षांनी नव्या उपचाराची चाचणी सुरू केली. शरीरानं फॅक्टर स्वतःच तयार करावा, म्हणून त्याचं जनुक एकदाच रक्तात सोडायचं. मी आणि बालाजी दोघंही गेलो. बालाजीचं शरीर इतक्या वर्षांच्या फॅक्टरशीच भांडायला लागलं होतं. अशांना चाचणीत घेत नव्हते. मला घेतलं. मी अडून बसलो, बालाजीशिवाय नको म्हणालो. बालाजी हसला. आक्का हसल्या नाहीत. "तू न्हाय गेलास म्हणून बाल्याला घेणार हायेत का ते? जा आत." मी गेलो. आतून काचेतून पाहिलं, तर आक्का बालाजीच्या पायाची पट्टी सोडून पुन्हा बांधत होत्या.

माझं रक्त थांबायला लागलं. कळंबला शाळेत नोकरी लागली. बालाजीसारख्यांसाठी वेगळं औषध निघालं होतं, पण आमच्या जिल्ह्यात ते मिळत नव्हतं. ते मिळावं म्हणून आक्कांनी मुंबईपर्यंत खेटे घातले. अर्ज मंजूर झाला, औषध काही येईना. एका सकाळी बालाजी डोकं दुखतंय म्हणाला. आत रक्तस्राव सुरू झाला होता. सोलापूरच्या वाटेवर, गाडीतच, आईच्या मांडीवर गेला. मला अजून राग येतो. कुणावर, ते कळत नाही, म्हणून तो जातही नाही.

त्यानंतर औषध आलं. पहिलं इंजेक्शन ज्या पोराला द्यायचं होतं, त्याची आई घाबरली होती, म्हणून आक्का स्वतः त्याला मांडीवर घेऊन बसल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "लई बारीक सुई हाय रे दत्ता. बाल्याला कळलंबी नसतं." एवढं बोलून नळावर तोंड धुवायला गेल्या. बराच वेळ नळ वाहत होता.

आक्का आता नाहीत. त्या जाण्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या लेकीच्या, रेखाच्या मुलाचं जावळ होतं. पोराला तोच आजार, पण जन्मल्याबरोबर तपासलेला आणि त्याच औषधावर असलेला. मामा म्हणून त्यांनी मला बोलावलं. मला मांडी घालता येत नाही, उजवा गुडघा कायमचा आखडलाय. तो पाय लांब सोडून मी डाव्या मांडीवर पोराला घेतलं. वस्तरा आक्कांनी आणूच दिला नव्हता, न्हाव्याच्या हातात कात्री होती.

आक्का चुलीकडून आल्या. मांडवाच्या तोंडाशी थांबल्या आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पोराचा मामा कुठाय?"

रेखानं पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "हितं हाय, आक्का."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पोराकडं, मग माझ्या लांब सोडलेल्या पायाकडं. जवळ येऊन न्हाव्याच्या हातावर हात ठेवला.

"दमानं," त्या म्हणाल्या. "मामा उसना हाय."