मास्तर पानावर बसले नाहीत

कोकमाचं तेल पातळ केलं की त्या वासासरशी साठ सालाच्या आसपासची धामापूरची एक लग्नाची पंगत आठवते. माझे वडील शाळामास्तर. शौचाच्या जागी चीर पडल्यानं बसणं त्यांना नकोसं झालेलं. बेळगावला जाऊन कापून घ्यायचं की हेच तेल लावत राहायचं, यावर घरात महिनाभर खल चाललेला. त्या दिवशी पानावर बसायच्या आधीच त्यांनी भाताचं तपेलं उचललं आणि शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहिले. "मास्तरानू, आता तरी बसा!" यजमान म्हणाले. "माका वाढूकच बरा वाटता," वडील हसले. मांडवभर त्यांचं कौतुक झालं. मग आईनं मागल्या पडवीच्या कठड्यावर दोन पानं मांडली आणि तीही त्यांच्यासोबत उभ्यानंच जेवली. आता तेच दुखणं माझ्या वाट्याला आलंय. मीही ओट्याशी उभ्यानं जेवतो, एकटाच.