मावशींनी कांदा खाली टाकला

आज मोताळ्याच्या आठवडी बाजारात एक काका चालता चालता कोसळले. मी ईसीजी टेक्निशियन आहे. धावत गेले.

लोक नुसते बघत नव्हते, हे आधी सांगते. कांदेवाल्या मावशींनी कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला होता. कुणी तळपाय चोळत होतं. सगळ्यांना वाटलं, फिट आली. पण काकांचा श्वास थांबला होता.

मी १०८ ला फोन लावायला सांगितलं आणि छाती दाबू लागले.

"बरगडी मोडशीन वं त्यायची!" मावशी ओरडल्या.

"मोडू द्या. हृदय बंद आहे."

दोन मिनिटांत माझे हात थकले. मावशींनी कांदा टाकला. "सरक. कुठी दाबू, दाखव." पोती उचलणारे ते हात माझ्यापेक्षा नीट दाबत होते.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा नाडी लागत होती. पुढचं अजून कळलेलं नाही.

मावशी तिथेच बसून राहिल्या. म्हणाल्या, "माहा मालक असाच पडला होता. म्या कांदाच हुंगवत बसली. तवा काऊन नाई सांगितलं कोनं?"

मी दर आठवड्याला त्यांच्याकडूनच कांदे घेते. कधी विषय निघाला नाही.

तुम्हाला हे येत असेल, तर आजवर कुणाला दाखवलंय?