सरांचं बिनपुराव्याचं विधान

“कशावरून?”

एवढाच शब्द, तोही आवाज न चढवता. नारळ घेताना तो कानाशी हलवून आत पाणी आहे का ते ऐकतात ना, तशी मान कलती करायची, डोळे अर्धे मिटायचे आणि विचारायचं, “कशावरून?” आमचे तत्त्वज्ञानाचे सर असे होते. समोरच्याच्या तोंडून निघालेलं वाक्य ते असं हलवून पाहत. माझ्या वाक्यांत बहुधा काहीच वाजत नसे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेल, ज्याच्यापुढे “आज उकडतंय” म्हणायचासुद्धा धीर होत नाही. आमच्या सरांचं वेगळेपण एवढंच, की त्यांना कोणाला हरवायचं नसे. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे.

सर मूळचे चौलचे. मुंबईच्या कॉलेजात शिकवत, गिरगावात दोन खोल्यांत एकटेच राहत आणि मे महिना आला की बोटीने रेवसला उतरून गावी येत. गावी थोरली बहीण आणि पोफळीची लहानशी वाडी. मी अलिबागचा, म्हणजे जवळजवळ गाववालाच, म्हणून वर्गात त्यांचं माझ्याकडे जरा जास्त लक्ष. ते मला चांगलंच भोवलं.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच तासाला मी उशिरा पोचलो आणि दारातूनच म्हणालो, “सर, बोट उशिरा आली.”

“कशावरून?”

“मी उशिरा आलो ना, सर.”

वर्ग हसला. सर मात्र हरखले. त्यांनी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली आणि याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून याच्याकडे असे बाण काढले. चक्राकार युक्तिवादाचा इतका शुद्ध नमुना त्यांना कुठल्याच पुस्तकात मिळाला नव्हता. पुढे दरवर्षी नव्या वर्गाला तो माझ्या नावानिशी शिकवला जाई. तत्त्वज्ञानात मी घातलेली भर ती एवढीच.

दुसऱ्या वर्षी माझे वडील गेले. मी सरांच्या खोलीवर जाऊन सांगितलं, “सर, माझं शिक्षण संपलं.”

“कशावरून?”

मी कारणं सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली, मग उठून कोपऱ्यातली पुस्तकांची चवड भिंतीकडे सरकवली. एक वळकटी पसरेल इतकी जागा झाली. “या कारणांतून तो निष्कर्ष निघत नाही,” ते म्हणाले आणि चहा ठेवायला गेले. बी.ए. होईपर्यंत मी त्या जागेत झोपलो.

सर नेहमी जिंकत, असं मात्र समजू नका. चौलच्या घरी एकदा कोळीण पाटी घेऊन आली. “ताजा म्हावरा हाय, मास्तर. सकालचाच.”

“कशावरून?”

“आता काय मासलीला साक्षीला उभी करू?”

सरांना हे उत्तर इतकं आवडलं, की तिने दिली ती मासळी त्यांनी घेतली. आत बहिणीने नाकाला पदर लावला.

एका गोष्टीची मात्र त्यांना चीड होती. ‘अमुक सांगतात म्हणून खरं’ असं पेपरात दिसलं, की निळ्या पेन्सिलीने शून्य. मग तो अमुक कितीही मोठा असो. “सांगणाऱ्याचं वजन विधानाला लागत नाही,” ते म्हणत.

मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. मी अलिबागला शाळामास्तर झालो होतो आणि आईने लग्नाचा धोशा लावला होता. सरांनीच चौलचं स्थळ सुचवलं. त्यांच्या वाडीला लागून ज्यांची वाडी होती, त्या अण्णांची मुलगी. अण्णा तोंडाने फटकळ, पण माणूस चोख. मुलगी पाहायला मी, माझे मामा आणि सर असे तिघे गेलो. कोट इस्त्रीचा, टोपी नवी, बूट मामांचे.

मुलगी पोह्यांचं तबक घेऊन बाहेर आली. अण्णा कौतुकाने म्हणाले, “पापलेटाचं कालवण हिच्यासारखं अख्ख्या चौलात कोणी करत नाही.”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “कशावरून?”

आता तुम्हीच सांगा, एवढी वर्षं ज्याच्या कानावर दुसरं काही पडलंच नाही, त्याने काय बोलावं? मामांनी माझा पाय दाबला, म्हणजे स्वतःचाच बूट दाबला. अण्णांचा चेहरा तांबडा झाला. आणि ती मुलगी तबक हातात तसंच धरून मोठ्याने हसली. पोहे सांडेपर्यंत हसली.

त्या क्षणी माझं ठरलं. लग्न करीन तर हिच्याशीच.

अण्णा उभे राहिले. “प्रोफेसर, तुमचा विद्यार्थी पुरावा मागतोय. आमच्याकडे मुलगी आहे, पुरावा नाही. या आता.”

झालं. अण्णा पेणच्या एका स्थळाला होकार कळवणार, अशी बातमी लगेचच आली. मी सरांच्या ओटीवर जाऊन बसलो. जेवलो नाही. सरांची बहीण म्हणाली, “अरे, त्याच्या जिभेला वळण तू लावलंस, आता तूच निस्तर.” सरांनी “कशावरून” म्हटलं नाही. टोपी घातली आणि अण्णांच्या वाडीत गेले.

मीही मागोमाग गेलो आणि पोफळीआड लपलो. पोफळ केवढी आणि मी केवढा! दोन्ही बाजूंनी बाहेर उरलो होतो. अण्णांना मी स्वच्छ दिसत होतो, हे त्यांनी पुढे वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगितलं.

अण्णा राहटापाशी उभे होते. सर बोलायच्या आतच ते म्हणाले, “मुलगा हुशार आहे, मान्य. पण माझ्या मुलीला तो सुखात ठेवील, हे कशावरून?”

मी कान टवकारले. आता सर माझ्या स्वभावाची एकेक बाजू घेतील, मुद्दा बांधतील, असं मला वाटत होतं. बैल फिरत होता, राहट कुरकुरत होता, पाटातून पाणी वाहत होतं. सरांनी मान कलती केली, मग सरळ केली.

“मी सांगतो म्हणून,” ते म्हणाले.

“बस्स?”

“बस्स. दुसरं काही नाही माझ्यापाशी.”

अण्णांनी बैल थांबवला. “अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? आम्ही मुली तेवढ्यावरच देतो.” आणि माझ्या दिशेने ओरडले, “या हो जावईबापू, पोफळ सोडा ती, मोडेल!”

परत येताना मला राहवेना. “सर, हेच मी पेपरात लिहिलं असतं तर?”

“शून्य.”

“मग आता?”

“आता काय? विधान मी करून बसलोय. खरं करायचं काम तुझ्याकडे.”

त्यांनी ते थट्टेवारी नेलं, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. लग्नानंतर दर मे महिन्यात गावी जाताना ते वाटेत आमच्याकडे अलिबागला उतरत, हातपाय धुवून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसत आणि माझ्यादेखत माझ्या बायकोला विचारत, “काय मुली, माझं विधान टिकलंय का?”

ती कढी ढवळत म्हणे, “अजून नक्की सांगता येत नाही, काका.”

“बरं. मग पुढच्या मे महिन्यात बघू.”

एका वर्षी तिने रीतसर तक्रार गुदरली. पाहुण्यांना पोचवायला मी रेवसला गेलो, त्यांची ट्रंक ठेवायला बोटीवर चढलो आणि गप्पांच्या नादात बोट सुटली. दुसऱ्या दिवशी मुंबईहून परत आलो. इकडे ही भात झाकून बसलेली. सरांनी सगळं ऐकलं, बराच विचार केला आणि निकाल दिला, “हे मूर्खपणात धरू. दुःखात नको.” हिने ते मान्य केलं. मला कोणी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर सर मुंबईत वारले. दोन दिवस ताप आला एवढंच निमित्त. तार आली तेव्हा मी शाळेत होतो. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं आणि कॉलेजातले लोक त्यांची पुस्तकं बांधत होते.

मग मे महिना आला. बोटीच्या वेळेला हिने बाहेरच्या घंगाळात पाणी भरून ठेवलं. मी ते पाहिलं. तिन्हीसांजा झाल्यावर तिने ते पाणी अनंताच्या झाडाला घातलं.

जेवताना मी विचारलं, “यंदा काय सांगणार होतीस त्यांना?”

“तेच. अजून नक्की सांगता येत नाही म्हणून.”

“अगं, इतकी वर्षं झाली. अजून नक्की नाही?”

“नक्की कधीच झालं होतं,” ती म्हणाली आणि माझ्या पानात भात वाढला. “पण तसं सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी ते कशाला आले असते?”