दवाईचं आडनाव

नामदेव काकाजी कुठलाही कागद खालून वर वाचत. लग्नपत्रिका हातात आली की आधी तळाची ओळ, म्हणजे पत्रिका छापणाऱ्या प्रेसचं नाव. मग मांडवाचा पत्ता, मग जेवणाची वेळ, आणि सगळ्यात शेवटी नवरा-नवरी. माझ्या भाच्याची पत्रिका द्यायला मी गेले, तेव्हा चष्मा सरळ करत ते म्हणाले, "प्रेस गोंदियाची हाय. म्हनजे मुलीकडच्यायनं छापली." छापली होती खरी मुलीकडच्यांनीच. पण मला रागच आला. माणसानं आधी मुला-मुलीची नावं वाचून दोन बरे शब्द बोलावेत की नाही?

ही सवय त्यांना धंद्यातून लागली होती. आयुष्यभर त्यांनी विमा विकला. लालबर्रा रस्त्यावरच्या राइस मिलांपासून तिरोडीच्या खाणीपर्यंत त्यांची स्कूटर सगळीकडे जाऊन आलेली. "मोठ्या अक्षरात कंपनी आपल्याशी बोलते, बारीक अक्षरात वकिलाशी बोलते," असं ते म्हणत, आणि हे सगळं पॉलिसी विकून झाल्यावर सांगत, हेही हसत हसत कबूल करत. गरीब, साधाभोळा म्हातारा वगैरे ते अजिबात नव्हते. बोलायला चोख, थोडे आगाऊ, आणि आपण बरोबर ठरलो की समोरच्याला ते दोनदा ऐकवणारे होते.

बालाघाटात आमची घरं एकाच भिंतीची. माझ्या कचेरीत दिवसभर हिंदी चाले, घरी पोरं हिंदीत भांडत. संध्याकाळी काकाजींच्या अंगणात खुर्ची टाकली की तेवढा वेळ मराठी बोलणं व्हायचं. काकी कांदे घेऊन तिथंच बसायची. दोघांची जुगलबंदी ऐकायला मला आवडायचं, हे खरं कारण.

काकीला शुगर निघाली आणि काकाजींनी मोबाइल गंभीरपणे हातात घेतला. वॉर्डातले बाकी लोक मोबाइल बघत, काकाजी तो वाचत, तोही अर्थात खालून. शुगरबद्दल काही शोधलं आणि पान उघडलं, की त्यांचा अंगठा भराभर वर सरके आणि पान तळाला जाऊन थांबे. तिथं ते बघत की हे कोणी लिहिलं, तो डॉक्टर आहे की नुसता लिहिणारा, आणि शेवटचं कधी तपासलं. मग कोपऱ्यात सामान टाकायची ती छोटी टोपली असते ना, ती शोधत. "खाली टोपली दिसली का समजून घे, दुकान हाय. दुकानदाराले बिमारी विचारू नये. तो सगळ्यायले बिमारच म्हनन."

"मग वाचायचं काय?" मी विचारलं.

"सरकारी पान वाच. मोठ्या दवाखान्याचं वाच. वाचता वाचता झोप आली, तर पान खरं हाय. मजा येऊन राह्यली असन, तर सांभाळून राह्य."

हळूहळू लोक रविवारी त्यांच्याकडे गोळ्यांची पाकिटं घेऊन यायला लागले. काकाजी पाकीट उलटंपालटं करत, चकचकीत नावाच्या आसपास छापलेलं दुसरं, लांबलचक नाव शोधत आणि त्यावर बोट ठेवत. चकचकीत नाव कंपनीनं ठेवलेलं, आत खरं औषध कोणतं ते या दुसऱ्या नावात. त्याला ते आडनाव म्हणत. "मानसाले आडनाव विचारू नये. दवाईले विचारावं."

हे वाक्य पहिल्यांदा ऐकून मी हसले. पुढं काकीनं सांगितलं, की विमा विकायला खेड्यात गेल्यावर लोक आधी यांचं आडनाव विचारत, आणि आडनाव कळलं की काही घरांतून पाण्याचा पेला बाहेर येत नसे. काकाजींनी स्वतः हे कधी सांगितलं नाही. त्यानंतर मात्र मला त्या वाक्यावर हसू आलं नाही.

काकीचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. तिचा विश्वास होता मोबाइलमधल्या एका दाढीवाल्या बाबावर. तो हिंदीत, अगदी हळू आवाजात, "माताओ, बहनो" करत बोले आणि शुगरच्या गोळ्या सोडून त्याचं चूर्ण घ्यायला सांगे.

"किती गोड बोलते तो," काकी म्हणायची.

"मीबी गोडच बोलत होतो. गोड बोलल्याबिगर पॉलिसी खपते का?"

"तुमी माह्याशी तर कवाच गोड बोलले नाही."

"तुले काय विकायचं होतं मले?"

काकी गोळ्या घ्यायची, पण नवऱ्याच्या धाकानं. एखादा दिवस तो बाहेरगावी असला की गोळी तशीच राहायची. काकाजींची काळजी एवढीच होती, की आपल्या मागं ही गोळ्या सोडून देईल आणि चूर्णावरच राहील. "मी गेलो का ही बाबाच्या नादी लागते, पाय तू," असं ते मला म्हणत. ती शेजारीच बसलेली असताना म्हणत.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बालाघाटातला माणूस मोठं दुखणं दाखवायला नागपूरला जातो. सगळेच जातात. पण नागपूरहून आला, की तिथली फाइल कपाटात कपड्यांखाली जाते. गावातल्या डॉक्टरला ती कोणी दाखवत नाही. त्यानं आपल्या पोरांना लहानपणापासून तपासलेलं असतं, रात्रीबेरात्री दार उघडलेलं असतं. आपण त्याला सोडून नागपूर गाठलं हे कळलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून. अशी भिडस्त माणसं आम्ही.

काकीची शुगर उतरेना, तेव्हा काकाजीही तिला घेऊन नागपूरला गेले. नवी गोळी मिळाली. काकाजींनी तिचं आडनाव शोधलं, झोप येणारी पानं तळापासून वाचली आणि ती गोळी स्वतःच्या हातानं सकाळी चहाआधी द्यायला सुरुवात केली. फाइल कपड्यांखाली गेली. थोड्याच दिवसांनी काकी एकटीच गावातल्या डॉक्टरकडे पाय दाखवायला गेली. त्यानं शुगर बघितली, वाढलेली होती, म्हणून त्यानंही एक गोळी वाढवून दिली. मेडिकलवाल्यानं पाकिटाचा तुकडा कापून कागदी पुडीत घातला. काकीनं पुडी आपल्या डब्यात टाकली आणि नाश्त्यासोबत गोळी घ्यायला लागली. काकाजींनी डबा बघितला होता, पण घरच्या डॉक्टरच्या गोळीची काय तपासणी करायची, असं त्यांना वाटलं.

त्या सकाळी मी दही मागायला गेले होते. काकी तांदूळ निवडत होती. सुपावरचा हात एकदम थांबला. चेहरा घामानं डबडबला, हात थरथरायला लागले. मला म्हणाली, "सिंधे, तू कवा आली व?" सिंधू ही तिची रामपायलीची बहीण. मी घाबरून जागीच उभी राहिले. काकाजी मात्र स्वयंपाकघरातून साखरेचं पाणी घेऊनच आले. घाम, थरथर, बरळणं, ही शुगर खाली गेल्याची लक्षणं त्यांनी त्याच कंटाळवाण्या पानांवर वाचलेली होती. काकीला अजून गिळता येत होतं. पेला तिच्या तोंडाला लावून ते म्हणत होते, "घे, पी. बोलू नको, पी."

काकी जरा भानावर आली, तशी आम्ही तिला ऑटोत घालून गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि सरळ विचारलं, "और क्या-क्या लेती हैं?"

काकाजींनी शर्टाच्या खिशातून नागपूरचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. निघायच्या घाईतही ते त्यांनी खिशात टाकलं होतं. डॉक्टरांनी पाकीट उलटं केलं, मी काकीच्या डब्यातून आणलेल्या पुडीतला तुकडा त्याच्या बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ये तो दोनों एक ही है." नावं वेगळी, आडनाव एक. कापताना तुकड्यावरचं आडनाव मेडिकलच्या दुकानातच राहिलं होतं. काकी रोज एकच औषध दोनदा घेत होती.

डॉक्टर रागावले नाहीत. "नागपुर गए थे तो बता देते, काकाजी. मैं क्यों बुरा मानता?" एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर काकाजींना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

घरी आल्यावर काकीनं जाहीर केलं, "आता तुमचा मोबाइल ठेवा बाजूले. माह्या बाबानं तरी मले एकच गोळी दोनदा चारली नसती." आणि तिनं काकाजींच्या हातून गोळी घेणं बंद केलं. डॉक्टरांनी सांगितलेली एकच गोळी उरली होती, ती तरी ती घेते की नाही, कोणालाच कळेना. विचारलं की "घेतो ना" म्हणायची आणि तोंड फिरवायची. काकाजी वाळले. खरंच वाळले, शर्ट सैल व्हायला लागला.

पुढच्या रविवारी लोक पाकिटं घेऊन आले, तेव्हा काकाजींनी कोणाचंही पाकीट हातात घेतलं नाही. उभं राहून म्हणाले, "पान खरं होतं. मीच चुकलो. इकडची गोळी तिकडं सांगतली नाही, तिकडची इकडं सांगतली नाही. कोनती दवाई काय करते ते मोबाइल सांगन, पन तुमी घरी अजून काय खाऊन राह्यले, हे त्याले कसं ठाऊक? ते डॉक्टरले सांगा. लाज सोडा." एवढं बोलून आत गेले.

त्यानंतर दाराजवळच्या खिळ्याला एक निळी कापडी पिशवी आली, साडीच्या दुकानातली. घरातली एकूण एक गोळी, काकाजींची रोजची बीपीची गोळी धरून, दोन्ही डॉक्टरांचे कागद, काकीचा सांधेदुखीचा लेपसुद्धा तिच्यात. डॉक्टर गावचा असो की नागपूरचा, अख्खी पिशवी टेबलावर उपडी करायची, असा नियम झाला. आणि ती पिशवी काकाजींनी काकीच्या हातात दिली. "आता तू पाय. मी फक्त ऐकतो."

काकीला इंग्रजी येत नव्हतं. मग काकाजींनी तिला अक्षरांचे आकार जुळवायला शिकवलं. जुनं रिकामं पाकीट डाव्या हातात, नवं उजव्या हातात, आणि आडनावातलं एकेक अक्षर बोटानं मोजल्यासारखं बघत जायचं. शिकताना ती दर वेळी कुरकुरली. एकीकडे बाबाचे व्हिडिओही चालूच होते. काकाजींना चिडवायलाच ती आवाज मोठा करायची. आपल्याला पटलं असं ती एकदाही म्हणाली नाही.

यंदाच्या थंडीत एका सकाळी काकाजी अंगणात उन्हाला बसले होते, पेपर मांडीवर उलटा, शेवटचं पान वर. काकी चहा घेऊन आली तेव्हा ते गेलेले होते. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी त्या दिवशी माणसांचं चहापाणी बघत होते, रडायला सवड नव्हती. नंतर एका संध्याकाळी सवयीनं खुर्ची उचलून त्यांच्या अंगणात गेले आणि तिथं उभ्याउभ्या खूप रडले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, माणसं पांगली. सिंधूमावशी मागं राहिली होती. तिनं पिशवीतून चूर्णाचा डबा काढून काकीसमोर ठेवला. "ताई, भाऊजी त्या गोळ्यायनंच गेले व. इतकी वर्षं बीपीची गोळी खाल्ली, काय झालं? आता तू तरी सोड. हे घे. आपल्या बाबाचंच हाय." काकी डब्याकडे बघत राहिली. निळी पिशवी खिळ्यावर लटकलेली होती. इतक्या दिवसांत ती कोणी खाली काढलेली मी बघितली नव्हती. काकाजींची काळजी आता माझ्याकडे आली होती, आणि बोलायचा अधिकार मला नव्हता.

"व्हिडिओ लाव," काकी म्हणाली.

मावशीनं लावला. तोच हळू आवाज, "माताओ, बहनो." काकीनं तो शेवटपर्यंत ऐकला, मधे डोळेही पुसले. मग मावशीच्या हातून मोबाइल घेतला आणि अंगठ्यानं वर सरकवायला लागली. व्हिडिओखाली जे काय होतं ते सरकत गेलं, सरकत गेलं आणि तळाला जाऊन थांबलं.

"सिंधे, हे टोपली कायची व?"

"त्याच्यातून मांगवता येते ना, चूर्ण."

"मंग हे दुकान हाय," काकी म्हणाली आणि मोबाइल परत दिला.

ती उठली. खिळ्यावरची पिशवी काढली. कोनाड्यातला काकाजींचा चष्मा डोळ्यांवर चढवला, तो तिला मोठा होत होता, एका हातानं धरून ठेवावा लागत होता. पिशवीतून एक रिकामं पाकीट काढलं आणि एक भरलेलं, दोन्ही मांडीवर ठेवली आणि बोट फिरवत अक्षरं जुळवली. खात्री पटेना, म्हणून माझ्याकडे केली. "सुनंदा, पाय बरं, आडनाव तेच हाय ना?"

मी बघितलं. "हौ काकी, तेच आहे."

तिनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली, आणि मग मावशीकडे वळून म्हणाली, "हे गोळीनं नाही गेले, सिंधे. गोळीनं तर इतके दिवस राह्यले."